जुन्या गाडीचे अर्थ पॉइंट शोधताना

मारुती ८०० आहे. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मिणमिणतो. वायरमन म्हणतो, सगळं वायरिंग बदला. (मिरज)

एवढ्यात बदलू नका. मागच्या दिव्याचा अर्थ (म्हणजे बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे करंट परतण्याचा जोड) सुटला की ब्रेकच्या बल्बमधला करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो आणि नको तो दिवा पेटतो. डिकीच्या बाजूने होल्डरपर्यंत आलेली काळी तार शोधा. मारुतीत अर्थ काळाच असतो. मध्ये कुणी जोडाजोड केली असेल तर मात्र रंगावर भिस्त नको. त्या तारेपासून खरवडलेल्या पत्र्यापर्यंत एक जादा वायर धरा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. इंडिकेटर गप्प बसला तर खर्च फक्त जोड घासायच्या पॉलिश पेपरचा.

प्रीमियर पद्मिनी गाडी सेल्फ (स्टार्टर) मारताना कण्हते, बॅटरी नवी आहे. वायरिंगचा नकाशा नाही. अर्थ शोधायचे कुठे? (सातारा)

नकाशावाचून काही अडत नाही. बॅटरीच्या मायनसपासून निघा आणि जाड केबल चाचपत जा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे त्याला बॉडीचा अर्थ आपोआप मिळत नाही. त्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्सपाशी जाड केबल किंवा विणलेली पट्टी असते. गिअरबॉक्स उतरवून चढवताना नेमकी हीच लावायची राहते! मग सेल्फचा करंट क्लचच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परततो. सेल्फ मारल्यावर केबल कोमट लागली तर आणखी पुरावा नको.

आता मोजा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची प्लसची तार काढलेली. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुंटीवरच), लाल इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला लावा. आकडा ०.२ च्या आसपास राहिला तर अर्थ ठीक. ०.५ च्या वर गेला तर लाल पिन एकेक जोड मागे घेत बॅटरीकडे या, दर वेळी सेल्फ मारून. ज्या जोडाच्या अलीकडे आकडा एकदम पडतो, तोच खराब.

बरेच जण मीटर कंटिन्युइटीवर (तार सलग आहे का हे बघण्यावर) लावून नुसती बीप ऐकून मोकळे होतात. केबलचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर बीप देतो; सेल्फचा शंभरेक अँपिअर करंट काही त्या धाग्यातून जात नाही. लोड न टाकता अर्थ तपासण्यात मला काडीचा अर्थ दिसत नाही.

डेंटिंग-पेंटिंग केल्यापासून हेडलाइट मंद. (विटा)

पेंटरने बोल्टखालचा पत्राही रंगवला असणार. थिंबलच्या (तारेच्या टोकाच्या धातूच्या कड्याच्या) मापाचा रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला, घट्ट कसा. व्हॅसलीन लावायचं ते बोल्ट कसल्यानंतर, वरून.

२०१९ च्या पुरात गाडी सीटपर्यंत बुडाली होती. आता रोज नवा फॉल्ट. (सांगलीवाडी)

कार्पेट उचला. दाराच्या उंबऱ्याशी आणि सीटखाली कसलेले अर्थ आधी बघा. पाणी धाग्यांमधून इन्सुलेशनच्या आत चढतं, तांबं काळंहिरवं पडतं, म्हणून नुसतं थिंबल बदलून भागत नाही. लखलखीत तांबं लागेपर्यंत तार कापत जा. आखूड पडली तर तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडा. कामाआधी बॅटरीची मायनस केबल काढा, आधी तीच. प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणगी थेट हाताशी उडते.