घर वाचायला शिकताना

सुरुवातीलाच शैलींची नावं पाठ करू नका. मी तेच केलं आणि दोन वर्षं फक्त दर्शनी भाग बघत राहिलो. आधी छप्पर बघा, मग भिंत कशाची आहे ते, मग आत उजेड कुठून येतो ते.

पुण्यातला किंवा वाईतला जुना वाडा घ्या. रस्त्याकडची बाजू बरीचशी बंद, मोठ्या दरवाजात छोटी दिंडी, म्हणजे एका माणसापुरतं दार. आत चौक, घराला उजेड-वारा मुख्यतः तिथूनच. खोलीचं माप खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात. खांब, तुळया, कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत) नीट निरखा. भार बहुतेक लाकडी सांगाड्यावर असतो, म्हणून भिंत पाडण्याआधी खांब कुठे आहे ते शोधा!

कोकणात जांभ्याचे चिरे; उतरतं कौलारू छप्पर आणि पडवी पावसासाठी. गोव्यात दारापुढचा बाल्कांव (बसायला कट्टे असलेला ओटा), जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले. मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आर्ट डेको या विसाव्या शतकातल्या शैलीच्या इमारती: गोलावलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर लांब आडवे छज्जे. हा परिसर २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

सजावटीलाही हीच नजर लावा. रंग निवडण्याआधी दिवसभर खोलीत ऊन कसं सरकतं ते बघा. सामान मांडताना चालायला तीन फूट वाट सोडा. आणि जुन्या घरातला कडीपाट फॉल्स सीलिंगखाली झाकू नका. त्या खोलीतली सगळ्यात सुंदर गोष्ट बहुधा तीच असते.