परदेशातला रिसर्च आपल्या पेशंटला लावायचा का?

तुम्ही विचारलंय, डॉक्टर 'रिसर्चमध्ये असं आहे' म्हणतात, पण तो झाला परदेशी लोकांवर. मग त्यावरून आपल्या माणसाचं औषध ठरवू द्यावं का? द्यावं. याच शंकेपायी आमच्या घरात भावाचं औषध अडून राहिलं होतं.

भावाला सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार. त्यातही एसएस, म्हणजे दोष आई-बाबा दोघांकडून आलेला. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. क्रायसिस, म्हणजे असह्य दुखण्याचा झटका, आला की पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा, चादर लागलेलीही सहन व्हायची नाही. सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन, कधी रक्त, की घरी. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत एका मॅडमनी क्रायसिस कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया लिहून दिलं, जे काही कॅन्सरमध्येही देतात, तर मोठेबाबा (बाबांचे मोठे भाऊ) आईवर उखडले, "कॅन्सरची गोळी देऊन राहिली पोराला?" त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी री ओढली: आपल्याकडचा सिकल सौम्य असतो, इतक्या वर्षांत मला कधी गरज पडली नाही.

आई दुखण्याचे दिवस दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लाल पेनने गोल करायची. मॅडमनी ते मागवून घेतलं. मग म्हणाल्या, अमेरिकेत २९९ मोठ्या माणसांवरचा अभ्यास १९९५ साली छापून आला. औषध घेणाऱ्यांना वर्षाला साधारण अडीच क्रायसिस, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांना साडेचार. आणि घेतलेले सगळे वर्षात निदान तीन क्रायसिस येणारे. "हा त्यांच्यातच बसतो ना?" जनुकातला दोष तिकडे तोच, इकडे तोच.

पाहायचं ते हे: अभ्यासातला पेशंट आपल्या पेशंटसारखा आहे का. देश नंतर. आणि 'मला गरज पडली नाही' म्हणणाऱ्या डॉक्टरांना विचारा, जे पेशंट परत आलेच नाहीत त्यांची नोंद कुठे आहे?

भावाचे क्रायसिस कमी झाले, बी.कॉम. झालं. मोठेबाबा म्हणतात, वयाने झाले. एकट्या भावावरून ते खोडता येत नाही हे मलाही मान्य आहे. म्हणूनच तर २९९ माणसं लागतात, मोठेबाबा!

तुमचा आजार कोणता ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून आमच्याच औषधाचं सांगते. क्वचित दुखणाऱ्यांना वरचे आकडे जसेच्या तसे लावू नका. डोसही तिकडचा उचलायचा नाही. आपल्याकडे बरेच डॉक्टर किलोमागे १० मिलिग्रॅमवर ठेवतात. मूल हवं असेल तर, मग पेशंट बाई असो की पुरुष, आधी डॉक्टरांशी बोला. पांढऱ्या पेशी उतरू शकतात, तेव्हा सांगितलेल्या तारखेची सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, चुकवू नका.