नैराश्यावर सीबीटी: नव्या थेरपिस्टला पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आता सुपरव्हिजनखाली नैराश्याचे प्रौढ पेशंट सीबीटीसाठी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारा उपचार) तुझ्याकडे येऊ लागतील. अ‍ॅरन बेक या सीबीटीच्या जनकांनी मांडलेलं त्रिकूट, म्हणजे स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दलचा काळवंडलेला विचार, तुला परीक्षेपुरतं पाठ आहेच. पेशंट समोर बसल्यावर गाडी कुठे अडते, ते लिहिते आहे.

पहिल्या भेटीत विचारांना हात लावायची घाई करू नकोस. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलं आहे का, दारू किती, इतर आजारांच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचार. पूर्वी कधी सलग काही दिवस झोप जवळजवळ नसतानाही अंगात प्रचंड जोर, अखंड बडबड, वारेमाप खर्च असं झालं होतं का, हे पेशंटला आणि घरच्यांना, दोघांनाही विचार. उत्तर ‘हो’ आलं तर तो कदाचित बायपोलर आजार आहे; आधी सायकियाट्रिस्टकडे पाठव. नैराश्य तीव्र असेल तर गोळ्या आणि थेरपी दोन्ही लागतात. गोळ्या कमी करायचा निर्णय तुझा नाही, हे पेशंटला स्पष्ट सांग.

पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे ते मोजणारी प्रश्नावली दर सेशनआधी भरून घे. मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम-तीव्र, वीसपासून तीव्र. फॉर्म हातात आला की बेरजेआधी नववा प्रश्न बघ. तिथे शून्य नसेल, तर आधी तेच बोलायचं. मरणाचे विचार येतात का, किती वेळा, काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, असं सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. शेतकरी घर असेल तर फवारणीचं औषध कुठे ठेवलं आहे हे विचारायला विसरू नकोस, आणि ते त्याच दिवशी घराबाहेर हलवायची जबाबदारी कोणाची, तेही नक्की कर. धोका दिसला तर सायकियाट्रिस्टची भेट त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून दे.

आता उपचार. माझं ठाम मत आहे: आधी दिवस हलवायचा, मग विचार. पेशंट म्हणतो, “मूड आला की करेन.” नैराश्यात तो मूड येतच नाही, कारण माणूस घरात पडून राहतो, त्यामुळे बरं वाटण्यासारखं काही घडत नाही, आणि काही घडत नाही म्हणून तो आणखी पडून राहतो. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी सीबीटीचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा नुसत्या वर्तन-सक्रियतेचा, म्हणजे ठरवून छोट्या कृती करत दिवस हलवण्याचा, परिणाम संपूर्ण उपचारापेक्षा कमी नव्हता. गोव्यात ‘संगाथ’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये याच तत्त्वावर सहा ते आठ सेशन्सचा कार्यक्रम राबवला. ते सेशन्स डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक घेत होते. पीएचक्यू-९ वर १४ च्या वर गुण असलेल्या पेशंटना त्याचा फायदा झाला, हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. तेव्हा या टप्प्याला ‘सोपा भाग’ समजून उरकू नकोस.

पहिल्या आठवड्यात काहीच बदलायचं नाही, फक्त नोंद. तासागणिक काय केलं, त्यात आनंद किती (० ते १०) आणि ‘जमलं’ ही भावना किती (० ते १०). लिहिता येत नसेल किंवा लिहायचा कंटाळा असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रेघा मारू दे, किंवा रात्री व्हॉइस नोट पाठवू दे. गृहिणींच्या नोंदींत एक गोष्ट वारंवार दिसेल: कामं सकाळपासून रात्रीपर्यंत, ‘जमलं’ला तीन-चार, आनंदाला सगळीकडे शून्य. अशा बाईंना आणखी कामं देऊन भागत नाही; स्वतःसाठीची वीस मिनिटं शोधावी लागतात, आणि ती घरात मिळावीत म्हणून घरच्यांशी बोलावं लागतं. पेशंटच्या संमतीने नवऱ्याला किंवा सासूबाईंना दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत दहा मिनिटं आत बोलाव. त्यांना दोनच गोष्टी सांग: ‘मन घट्ट कर’ म्हणू नका, आणि तिची सगळी कामं काढूनही घेऊ नका.

होमवर्क फसतं ते बहुतेक वेळा आकारामुळे. पेशंट उत्साहाने म्हणतो, “उद्यापासून रोज तासभर चालतो.” ते निम्म्याहून खाली आण: सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळचा चहा झाला की चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. मग विचार, “हे होईल याची खात्री किती टक्के?” नव्वदच्या खाली असेल तर अजून लहान कर. निघण्याआधी ‘किती बरं वाटेल’ याचा अंदाज आणि आल्यावर प्रत्यक्ष आकडा लिहायला सांग. अंदाज १ आणि प्रत्यक्ष ३ निघाले, तर मन भविष्याबद्दल जे सांगतं ते दरवेळी खरं नसतं, याचा पहिला पुरावा पेशंटच्याच हस्ताक्षरात मिळतो. विचारांवरचं काम तिथून सुरू कर.

इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात, म्हणून जरा सविस्तर. समजा, पंचेचाळिशीच्या बाई सांगतात, “मुलगा बारावीत नापास झाला, तेव्हापासून कशातच मन लागत नाही.” यावर काम होत नाही, हा फार मोठा पट आहे. एक क्षण शोध. “या आठवड्यात सगळ्यात वाईट कधी वाटलं?” “मंगळवारी, जाऊबाईंचा फोन आला तेव्हा.” “स्क्रीनवर नाव दिसलं, त्या क्षणी मनात काय आलं?” “टेन्शन आलं.” टेन्शन हा शब्द आपल्याकडे राग, भीती, शरम, थकवा, सगळ्यालाच चालतो, तो उलगडून घे. बाई म्हणतात, शरम, शंभरपैकी ऐंशी. आणि विचार? “आता काय सांगणार यांना!” असं वाक्य विचारांच्या तक्त्यात (प्रसंग, भावना, विचार आणि त्याचे दोन्ही बाजूंचे पुरावे लिहायचा कागद) घालू नकोस. प्रश्नाला पुरावा मागता येत नाही. “त्याचं उत्तर मनात काय होतं?” असं विचारलं की खरं वाक्य येतं: “मी आई म्हणून वाया गेले.” विश्वास नव्वद टक्के. आता हे तपासता येतं.

नवा थेरपिस्ट इथे पटकन म्हणतो, “असं कसं, तुम्ही किती करता मुलासाठी!” शेजारणीही हेच म्हणाल्या होत्या, आणि त्याचा उपयोग झाला नव्हता. आधी त्या वाक्याच्या बाजूचे पुरावे मनापासून लिहून घे. मुलगा दोन विषयांत नापास झाला. सासूबाई हॉस्पिटलमध्ये असताना शेवटचे दोन महिने अभ्यासाकडे बघता आलं नाही. हे खरं आहे, ते खोडू नकोस. मग दुसरा रकाना: या वाक्यात न बसणारं काय घडलं आहे? निकाल लागल्यावर त्याने सगळ्यात आधी आईलाच सांगितलं. हॉस्पिटलच्या फेऱ्यांतही त्याचा डबा चुकला नाही. रकान्यात घडलेल्याच गोष्टी येतील, मतं नाहीत. मग विचार, “जाऊबाईंचा मुलगा नापास झाला असता, तर तुम्ही त्यांना काय म्हणाला असता?” शेवटचं वाक्य बाईंच्याच शब्दांत येऊ दे: “त्या दोन महिन्यांचं वाईट वाटतं, पण तेवढ्यावरून माझं आईपण ठरत नाही.” आता मूळ विचारावरचा विश्वास पंचावन्न, शरम पंचेचाळीस. इतकं पुरे. शून्यावर आणायचा हट्ट धरलास तर बाई तुला खूश करण्यासाठी आकडे सांगू लागतील.

त्यावर प्रयोग लाव: शनिवारी बाईंनी स्वतः फोन करायचा. जाऊबाई काय बोलतील याचा अंदाज आधी लिहायचा, प्रत्यक्ष शब्द नंतर. टोमणा खरंच आला तर काय करायचं, हेही आधी ठरव. नाहीतर एका टोमण्याने दोन आठवड्यांचं काम वाहून जातं.

महाराष्ट्रात अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती (अविवेकी विचार ओळखून बदलणारी, सीबीटीच्याच जवळची पद्धत) कि. मो. फडके यांच्यामुळे फार आधी पोहोचली, त्यामुळे काही पेशंट वाचन करून येतात. त्यातला एखादा म्हणेल, “माझे विचारच अविवेकी आहेत, म्हणजे चूक माझीच.” तक्ता भरताना तो स्वतःला आणखी बोल लावतो आहे, हे ओळख आणि त्या वाक्याचाही तक्ता कर.

विचार खराच असेल तर? कर्ज आहे, नवरा मारतो, नोकरी गेली आहे. तिथे विचार बदलायला बसणं हा अन्याय आहे. प्रश्न सोडवायच्या पायऱ्या घे: नेमकी अडचण, शक्य ते सगळे मार्ग, एकाची निवड, या आठवड्यातली पहिली कृती. मारहाण असेल तर सुरक्षिततेची योजना आधी.

पन्नास मिनिटांचा हिशोब साधारण असा: दहा मिनिटं मनःस्थिती आणि अजेंडा, दहा होमवर्क, वीस मुख्य विषय, उरलेली नवं होमवर्क, सारांश आणि “आज काय पटलं नाही?” या प्रश्नासाठी. होमवर्क झालं नसेल तर “चालेल, पुढच्या वेळी” म्हणून सोडू नकोस आणि रागावूही नकोस. कोणत्या क्षणी, कोणत्या विचारामुळे राहिलं ते शोध. बहुधा “काय उपयोग?” हेच निघतं, आणि तेच त्या दिवशीचं काम.

‘मी नालायक आहे’ अशा मुळाशी बसलेल्या धारणांकडे सात-आठ सेशन्सच्या आत जाऊ नकोस. मनःस्थिती थोडी वर आलेली नसताना मूळ उकरलं तर पेशंट घरी जाऊन रात्रभर तेच घोळवतो. पूर्ण उपचार साधारण बारा ते वीस सेशन्सचा. सुरुवातीला तीव्र त्रास असेल तर आठवड्यातून दोनदा, शेवटी पंधरा दिवसांनी. सहाव्या सेशनपर्यंत पीएचक्यू-९ पाच गुणांनीही उतरला नसेल, तर तेच पुन्हा जोराने करत बसू नकोस. निदान, गोळ्या, दारू, घरातली परिस्थिती पुन्हा बघ आणि सुपरव्हिजनला आण. शेवटच्या दोन भेटींत परत घसरण सुरू होण्याच्या खुणा पेशंटकडून लिहून घे (आंघोळ टाळणं, फोन न उचलणं, पहाटे तीनला जाग), त्यांपुढे कोणती पावलं उचलायची तेही, आणि तीन व सहा महिन्यांनंतरच्या तारखा आत्ताच दे.

पहिल्या पेशंटचे दोन भरलेले तक्ते, त्यांची संमती घेऊन आणि नाव-गाव झाकून, मला पाठव. विचाराच्या रकान्यात प्रश्नचिन्हं किती आहेत, ते मी आधी बघणार आहे.

तुझी,
मार्गदर्शक