दारू सोडण्यासाठी एएची मीटिंग कशी शोधायची? पहिल्यांदा गेल्यावर तिथे काय होतं?

तुम्ही लिहिलंय की रोजचं पिणं थांबवायचं आहे, पण दर वेळी चार-पाच दिवसांत पुन्हा सुरू होतं. नाशिकमध्ये अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे एएची, मीटिंग कशी शोधायची, तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर काय, आणि देवाधर्माचं काही करायला लावतात का, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः अल्कोहोलिक आहे. बरीच वर्षं प्यायलेलो नाही, आणि मला या मीटिंगांनी तारलं. नाव देत नाही, कारण जाहीर ठिकाणी ओळख न सांगण्याची आमची परंपरा आहे.

आधी तब्येतीचं बोलतो. सकाळी हात थरथरत असतील, घोट पोटात गेल्याशिवाय काम सुचत नसेल, तर दारू एकदम बंद करू नका. अशाने फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भास सुरू होऊ शकतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांकडे जा आणि किती पिता ते खरं सांगा. कुठे जावं कळत नसेल तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा आणि 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे. मीटिंग आणि औषधं दोन्ही बरोबर चालतात. मीटिंगमधल्या कुणी ‘आता गोळ्यांची काय गरज’ म्हटलं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या थांबवू नका.

मीटिंगचे पत्ते एएच्या भारतातल्या जनरल सर्व्हिस ऑफिसच्या वेबसाइटवर मिळतात, हेल्पलाइनही तिथेच आहे. मीटिंगसाठी कुठे शाळेचा वर्ग, कुठे चर्चचा हॉल, संध्याकाळी रिकामी असलेली अशी एखादी जागा असते. छापलेली वेळ बदललेली असू शकते, म्हणून निघण्याआधी फोन कराच. एएच्या हेल्पलाइनवर बोलणारा बहुतेकदा आमच्यातलाच असतो, तेव्हा संकोच नको. त्याला सांगा, ‘मी नवीन आहे, कुणी गेटवर भेटेल का?’ आनंदाने कुणीतरी येऊन थांबतं. मग वॉचमनला ‘ती दारूवाल्यांची मीटिंग कुठे?’ असं विचारायची वेळ येत नाही. कित्येक जण त्या गेटवरूनच परत जातात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आत गेलात की एक जण मीटिंग चालवतो, थोडं वाचन होतं, मग एकेक जण स्वतःबद्दल बोलतो. याला आम्ही शेअरिंग म्हणतो. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ले देत नाही. तुमच्यावर बोलायची सक्ती नाही. ‘आज फक्त ऐकतो’ एवढं पुरतं. फी नाही. खर्चासाठी डबा फिरतो, त्यात नवख्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही. बाहेरच्या देणग्या एए घेतच नाही. प्रार्थना होते, आणि बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठीच्या एएच्या कार्यक्रमात, ईश्वराचा उल्लेख आहे, पण ‘आपल्याला उमगलेला ईश्वर’ असा. देव न मानणारेही आमच्यात आहेत. सभासद व्हायला अट एकच: दारू सोडण्याची इच्छा.

ओळखीचं कुणी भेटलंच, तर सहसा तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. तरीही धाकधूक असेल तर दुसऱ्या भागातला ग्रुप निवडा, आणि ‘क्लोज्ड’ मीटिंगला जा. ती फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते. ‘ओपन’ मीटिंगला घरचे किंवा विद्यार्थीही येऊ शकतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मीटिंग संपली की लगेच निघू नका. चहा होतो, लोक जिन्यात, गाडीपाशी घोळक्याने उभे राहतात, तिथे थांबा. ज्याचं बोलणं ऐकून ‘हा माझंच सांगतोय’ असं वाटलं, त्याचा नंबर मागा, आणि दुसऱ्या दिवशी काही कारण नसताना त्याला फोन करा. कारण खरी परीक्षा मीटिंगच्या वेळी नसते. ती ऑफिस सुटल्यावर असते, वाटेवरचं वाइन शॉप उघडं असतं तेव्हा. त्या वेळी अनोळखी नंबर लावायला बोट धजत नाही. कालच ज्याच्याशी बोललो त्याला लावता येतो. पहिला पेग उचलण्याआधी केलेला फोन उपयोगी पडतो, नंतरचा फारसा नाही. पुढे अशाच एखाद्या जुन्या माणसाला स्पॉन्सर, म्हणजे तुमचा वाटाड्या, व्हाल का विचारता येतं; पायऱ्यांचं काम तो करून घेतो.

म्हणून पहिल्याच मीटिंगवरून मत बनवू नका. एखादा ग्रुप कंटाळवाणा निघतो, एखाद्यात दोन-तीनच डोकी असतात. चार-पाच ग्रुप पाहा आणि फोन करावासा वाटेल असा माणूस जिथे भेटेल तिथे टिका. सुरुवातीला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करा असं सुचवतात. आठवड्यात एकदोनच मीटिंगा असलेल्या गावात ते जमत नाही, तेव्हा मधले दिवस ऑनलाइन मीटिंगांनी भरा. मध्येच प्यायलात तरी पुन्हा या. त्यासाठी कुणी काढून टाकत नाही.

भरती होऊन उपचार घ्यायची गरज पडली तर पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 पासूनचं. तिथे व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालतो. तुमच्या मिसेसना हे जरूर सांगा, आणि नाशिकच्या आसपास अल-अ‍ॅनॉनची, म्हणजे घरच्यांसाठीच्या ग्रुपची, मीटिंग आहे का तेही एएच्या हेल्पलाइनवर विचारून घ्या. तुम्ही कधी सोडता याची वाट न बघता त्या आजपासूनच जाऊ शकतात.