शामरावनगरच्या घराचा खर्च : आधी भिंत वाळू द्या, मग गवंड्याला बोलवा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. सांगलीच्या शामरावनगरात तळमजल्याचं सातशे चौरस फुटांचं घर, पावसाचं पाणी दीड फूट चढून दोन दिवस तसंच, भिंती तीन फुटांपर्यंत ओल्या, कंत्राटदार म्हणतो तीन लाख चाळीस हजार उक्तं (म्हणजे सगळ्या कामाचा मिळून एकच आकडा), आणि घरच्यांना दिवाळीच्या आत सगळं रंगवून हवं. हे शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते. हेच वाक्य २०१९ साली आमच्या घरात रोज ऐकू यायचं.

मेन स्विच, साप, टाकीत टाकायची पावडर हे सगळं तुम्हाला एव्हाना दहा जणांनी सांगितलं असेल, ते सोडते. आणि मी इंजिनियर नाही. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात जमाखर्च लिहिते. त्यामुळे घरात काय झालं ते कदाचित चुकीचं सांगेन, पण कशाला किती गेले ते वहीत आहे.

आमचं घर गावभागात, नऊ इंची विटांचं, चाळीस वर्षांपूर्वीचं. २००५ ला पाणी घोट्याइतकं आलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांच्या घरात गेली (धोक्याची पातळी ४५) आणि घरात छातीइतकं पाणी झालं. आठवडाभर आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे. परत आलो तर भिंतीवर सरळ रेघ, जणू कुणी दोरी धरून मारलेली, आणि तिच्या खाली सगळं चॉकलेटी.

गाळ काढला, धुतलं. सप्टेंबरात ऊन पडायला लागलं. लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. सासूबाई म्हणाल्या, असल्या भिंतींपुढं लक्ष्मी मांडायची का? त्यांचंही चूक नव्हतं. गवंडी आला, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "वैनी, वरनं वाळलंय की. आतलं वाळंल हळूहळू." ९५ हजारांत उक्तं ठरलं : जिथं प्लास्टर सुटलंय तिथं पॅच, सगळीकडे पुट्टी, रंग. दिवाळीच्या आधी चार दिवस काम संपलं. घर असं दिसत होतं की पाहुणे म्हणायचे, पूर आला होता हे कळतसुद्धा नाही.

फेब्रुवारीत कपाटामागे पहिला फुगा दिसला. रुपयाएवढा. मी अंगठ्यानं दाबला तर रंगाची पापडी मऊ लागली, फुटली, आणि आतून तपकिरी पाण्याचा एक ओघळ मनगटापर्यंत आला. पुरानंतर सहा महिन्यांनी! मग महिन्याभरात सगळ्या खोल्यांना पोपडे. पोपड्याखाली पांढरा, कापसासारखा लोणा (ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणारा क्षार). रोज सकाळी झाडलं तरी फरशीवर पिठासारखा पडलेला असायचा. सासूबाईंचा खोकला तेव्हा सुरू झाला तो दोन वर्षं गेला नाही.

आता मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगते. आमच्या दुकानात माल घेताना हळकुंड मोडून बघतात. खण्‌ आवाज आला तर वाळलेलं, नाहीतर वरून कितीही पिवळंधमक असो, परत. हे मी रोज बघते. आणि स्वतःच्या घराच्या बाबतीत मात्र पी हळद हो गोरी! भिंत वाळली का, हे मोडून बघायची अक्कल सुचली नाही.

वीट हे स्पंज आहे, हे डोक्यात घ्या. आठवडाभर पाण्यात उभी राहिलेली नऊ इंची भिंत दहा आठवड्यांत वाळत नाही. ढोबळ हिशेब असा सांगतात की जाडीच्या इंचाला एक महिना, म्हणजे उघडी ठेवली तरी आठ-नऊ महिने. तुमचं पाणी कमी आणि दोनच दिवस होतं, कदाचित लवकर वाळेल, पण शामरावनगरात खालची काळी माती दिवाळीपर्यंत भिजलेलीच असते, ती जोत्यातून ओल वर देतच राहणार. तपासायची युक्ती फुकटची आहे. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं हवाबंद लावा, दोन दिवसांनी काढा. आतून दव धरलं असेल तर गवंड्याला फोन करू नका. प्रत्येक खोलीत, जमिनीपासून एका फुटावर लावा. बाहेर धो धो पाऊस असताना लावून उपयोग नाही.

आमचं पुढं काय झालं ते थोडक्यात. मार्च २०२० मध्ये चिडून सगळं प्लास्टर रेघेच्या वर फूटभरापर्यंत टाचून काढायला लावलं. आठवड्यात लॉकडाऊन. गवंडी गावाला गेला आणि आम्ही उघड्या विटांच्या घरात नऊ महिने राहिलो. तेव्हा रडायला यायचं. पण भिंती वाळल्या त्या त्यामुळेच. डिसेंबरात काम केलं, ते या वेळी आयटमवार : नऊशे स्क्वेअर फूट टाचणं १४ रुपयांनी १२,६००, डबर (टाचलेल्या प्लास्टरचा मलबा) उचलायला ट्रॉलीचे ६,०००, प्लास्टर ४२ नी ३७,८००, पुट्टी-रंग २० नी १८,०००. एकूण ७४,४००. म्हणजे नीट केलेलं पूर्ण काम हे घाईच्या वरवरच्या कामापेक्षा स्वस्त पडलं. ९५ हजार पाण्यात गेले, तेही पूर ओसरल्यावर.

आणि गंमत बघा, सात महिन्यांत जुलै २०२१ चा पूर. पंचावन्नच्या आसपास पातळी, घरात मांडीइतकं पाणी. या वेळी मी कुणालाच बोलावलं नाही. पाणी उतरत असताना त्याच पाण्यानं गाळ ढकलून काढला (हे लक्षात ठेवा, गाळ एकदा वाळला की सिमेंट होतो, मग टँकर मागवावा लागतो), कपाटं भिंतीपासून हातभर पुढं ओढली, खिडक्या उघड्या, पंखे सुरू. दिवाळी डागाळलेल्या भिंतींतच केली. मे २०२२ मध्ये थोडी पुट्टी आणि रंग, १९ हजारांत काम संपलं. प्लास्टर आजही जागेवर आहे.

आता तुमचे तीन चाळीस. माझा भाऊ कुपवाडला राहतो, त्याच्या घरी मागच्या वर्षी पाइप फुटून असंच काम निघालं, त्याचे दर सांगते. तुमच्याकडे दहा-वीस टक्के इकडे तिकडे होतील, मला धरू नका. प्लास्टर टाचणं २० ते २५ रुपये स्क्वेअर फूट, आतलं नवं प्लास्टर मालासकट ६० ते ७०, पुट्टी आणि रंग ३० च्या आसपास. तुम्ही दिलेल्या मापावरून भिंतींची लांबी दोन्ही अंगं धरून साधारण १६० फूट होते. चार फूट उंचीपर्यंत टाचलं तर ६४० स्क्वेअर फूट. टाचणं-प्लास्टर मिळून ५१ ते ६१ हजार. रंग मात्र अख्ख्या भिंतीला द्यावा लागतो, अर्धा दिलेला दिसतो, म्हणून तो ४५-५० हजार धरा. डबर सहा-आठ हजार. खालच्या प्लगांचे आठ-दहा पॉइंट बदलायला सात-आठ हजार. दारं प्लायची असतील तर खालून फुगणारच, चार दारं बसवून २४-२५ हजार. सगळं मिळून दीड लाखाच्या आसपास येतं. तेही सगळं प्लास्टर काढावंच लागलं तर. चांगलं सिमेंट प्लास्टर एका पाण्यानं मरत नाही, माझं दुसऱ्या पुरात टिकलंच की. वाळल्यावर हातोडीच्या दांड्यानं ठोका, पोकळ वाजेल तेवढंच काढा.

मग वरचे दोन लाख कुठले? माझा अंदाज, एक लाख फरशीचे. सातशे फूट फरशी उखडून नवी टाकायची म्हणजे १४० च्या दरानं ९८ हजार होतात. फरशी बदलायची काही गरज नाही, पोकळ वाजत नसेल आणि कुठं खचली नसेल तर. त्याला सरळ विचारा, का बदलायची. उरलेला लाख हा बहुतेक भिंतींना आतून मारायच्या "वॉटरप्रूफिंग केमिकल"चा.

या केमिकलवर मला जरा बोलू द्या. गच्चीवर, टाकीत, बाथरूममध्ये ते जरूर लावा. पण पुरात भिजलेल्या भिंतीला आतून केमिकलचा कोट मारणं म्हणजे ओल्या कपड्यावर रेनकोट घालणं. आतलं पाणी जाणार कुठं? ते कोटाच्या वरच्या कडेला चढतं आणि चार फुटांवरची ओल सहा फुटांवर दिसायला लागते. आमच्या शेजारच्यांचं तेच झालं. दुकानदार दहा वर्षांची गॅरंटी देतो, ती डब्याची असते. भिंतीची नसते. इथले काही सदस्य माझ्याशी सहमत नसतील, त्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत, पण पुरानंतरचे लिहावेत, गच्चीचे नकोत.

"उक्तं" या शब्दापासूनही सावध राहा. त्याचा फटका मला विम्यात बसला. घराच्या कर्जाबरोबर विमा होता. विमा कंपनीच्या कचेरीत मी नऊ खेटे घातले. पहिल्यांदा म्हणाले बिल आणा. बिल नेलं, त्यावर गवंड्यानं एकच ओळ लिहिलेली : "घर दुरुस्ती, एकूण ९५,०००". मग म्हणाले आयटमवार आणा. गवंडी म्हणतो उक्त्याचे आयटम कुठून देऊ? मग नुकसानीचे फोटो मागितले. फोटो होते ते चिखलाचे आणि तरंगणाऱ्या फ्रिजचे, भिंतीच्या मापाचा एक नाही. तेच कागद तीनदा घेतले, दोनदा हरवले. समोरचा माणूस एकदा मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर अकाउंट्समध्ये आहात ना?" त्या दिवशी स्टेशन चौकापर्यंत चालत आले, रिक्षात बसून रडले असते म्हणून. शेवटी ३१ हजार हातावर ठेवले. विमा लोकपालाची कचेरी पुण्यात आहे, तिथं वकील न लावता फुकट तक्रार करता येते, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबायचं आणि नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं, हे मला वर्ष उलटल्यावर कळलं.

तुमची पॉलिसी एप्रिल २०२१ नंतरची असेल तर ती बहुधा "भारत गृह रक्षा" असणार. तिच्यात पूर, साचलेलं पाणी, फुटलेली टाकी-पाइप हे येतं. वर्षानुवर्षं मुरलेली ओल येत नाही. म्हणून क्लेम फॉर्मवर "भिंतीला ओल आहे" असं चुकूनही नुसतं लिहू नका. कोणत्या तारखेला पाणी आत शिरलं, किती इंच, किती तास, असं लिहा. मीटर-टेप भिंतीला धरून, आकडा दिसेल असा प्रत्येक खोलीचा फोटो आजच काढा. विम्याचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत फुगलेलं दार अंगणात ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका.

पंचनामा झाला का तेही बघा. तलाठी येऊन गेले आणि तुम्ही नातेवाइकांकडे होता, असं झालं असेल तर अर्ज करून ठेवा. सरकारी मदतीवर दुरुस्ती होत नाही म्हणा. २०१९ ला शहरात कुटुंबामागे १५ हजार होते, त्यातले पाच हातात, बाकी खात्यावर. आमची ती डाळ-तांदूळ आणि गाद्यांतच संपली. पण पंचनाम्याचा कागद विम्याच्या कामी येतो.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. तुम्ही लिहिलंय की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिरपी चीर दिसते. काळ्या मातीत घर उन्हाळ्यात खाली बसतं, पावसाळ्यात उचललं जातं, केसासारख्या चिरा तिथं घरोघरी असतात. पण चिरेत नखाऐवजी नाणं जात असेल तर गवंडी नको, स्ट्रक्चरवाला इंजिनियर आणा. भावानं भेटीचे चार हजार दिले होते. तोवर चिरेवर काचेची बारीक पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की करा आणि तारीख लिहा. काच तडकली तर चीर अजून वाढतेय. मातीच्या भिंतींच्या वाड्याला यातलं काहीच लागू नाही, तिथं आधी माणसं बाहेर काढायची.

गवंड्याचा नंबर मागितलाय, तो असा उघडा टाकत नाही, शिवाय तो आत्ता भावाकडे बाथरूममध्ये अडकलाय. तुम्ही आधी प्लॅस्टिकचा कागद लावा आणि कंत्राटदाराकडून फरशी, केमिकल, प्लास्टर, रंग असे चार वेगळे आकडे लेखी घ्या. आयटमवार लिहून देत नाही म्हणाला तर तेही इथं लिहा. घरच्यांना दिवाळीसाठी फक्त दाराबाहेरचा भाग आणि देवघराची भिंत चुन्यानं पांढरी करून द्या. चुना स्वस्त असतो, भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि सासूबाईंना चालतो.