हँडल जड जातंय? आधी स्कीवरचा भार बघा

स्नोमोबिल (पुढे स्की असलेली बर्फावरची गाडी) वळवताना खांदे भरून येत असतील, तर बहुतेक वेळा स्कींवर गरजेपेक्षा जास्त भार असतो. लगेच नव्या स्की घ्यायला धावू नका. आधी स्कींच्या शॉकचं (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगवाल्या दांड्यांचं) प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, थोडं कमी करा, दोन्ही बाजूंना सारखंच. मग ट्रॅकच्या (गाडी पुढे ढकलणाऱ्या फिरत्या बेल्टच्या) आतल्या पुढच्या शॉकची स्प्रिंग जराशी घट्ट करा. ती गाडीचं नाक उचलून धरते, म्हणून स्की हलक्या होतात. तरी फरक नाही पडला तर लिमिटर स्ट्रॅप, म्हणजे ट्रॅकच्या सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली जाईल ते रोखणारा पट्टा, एक भोक सैल सोडा. इथे मात्र हात आखडता ठेवा: पट्टा जास्त सोडला की थ्रॉटल दिल्याबरोबर स्की वर येतात आणि वळणावर गाडी सरळच निघते. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणारच नाही.

गाडी आपणहून डावी-उजवीकडे ओढत असेल, तर तो वेगळा आजार. स्कीखालच्या कार्बाइड (बर्फात पकड देणाऱ्या कठीण) पट्ट्या झिजल्यात का बघा. हँडल सरळ धरून स्कींमधलं अंतरही मोजा; पुढे ते मागच्यापेक्षा साधारण ३ ते ६ मिमी जास्त असतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल.