इम्प्रेशनिझमला ‘दृक्प्रत्ययवाद’ का म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा होता की इम्प्रेशनिझम ह्या फ्रेंच चित्रशैलीला हिंदीवाले सरळ ‘प्रभाववाद’ म्हणतात, मग मराठीतच हा ‘दृक्प्रत्ययवाद’ नावाचा जीभ अडखळवणारा शब्द कुठून आला, आणि आपण कॉलेजात ‘इम्प्रेशन मारणं’ म्हणायचो त्याचा ह्या इम्प्रेशनशी काही संबंध आहे का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण संबंध आहे, आणि चांगलाच आहे.

१८७४ सालची गोष्ट. पॅरिसमध्ये ‘सलोन’ ह्या सरकारी चित्रप्रदर्शनाच्या ज्युरींना कंटाळलेल्या चित्रकारांनी स्वतःची सोसायटी काढली आणि नादार ह्या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत प्रदर्शन भरवलं. त्यांच्यातल्या क्लोद मोनेनं ल हाव्र बंदराचं सकाळचं चित्र दिलं होतं, धुकं, दोन-तीन होड्या, नारिंगी सूर्य, बस. कॅटलॉगचं काम रेन्वार ह्या चित्रकाराच्या भावाकडे होतं. मोने नंतर सांगायचा की शीर्षक विचारलं तेव्हा ह्याला बंदराचं दृश्य तर म्हणता येणार नाही, म्हणून मी म्हटलं, टाका ‘इम्प्रेशन’. झालं. लुई लरुआ नावाच्या पत्रकारानं ‘ल शारिवारी’ ह्या विनोदी पेपरात प्रदर्शनाची टर उडवली, त्यात एक काल्पनिक म्हातारा चित्रकार ह्या चित्रासमोर उभा राहून म्हणतो की माझ्यावर इम्प्रेशन पडलंय म्हणजे चित्रात कुठेतरी इम्प्रेशन असणारच! म्हणजे जोक तोच, ‘छाप पडणं’वाला. पुढे तो असंही म्हणतो की भिंतीला लावायचा कागद अर्धवट छापलेला असला तरी ह्याच्यापेक्षा पुरा वाटेल. लेखाचं शीर्षकच ‘इम्प्रेशनिस्टांचं प्रदर्शन’, आणि शिवी म्हणून आलेलं हे नाव १८७७ च्या तिसऱ्या प्रदर्शनात मंडळींनी स्वतःच लावून टाकलं. त्यांच्यातल्याच देगा ह्या चित्रकाराला ते शेवटपर्यंत आवडलं नाही तो भाग वेगळा.

इम्प्रेशन शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला दाबण्याचा, ठसा उमटवण्याचा अर्थ आहे. त्यामुळे शब्दशः जायचं तर मराठीत ‘ठसा’ किंवा ‘छाप’ आले असते. पण ‘ठसावाद’ म्हटलं तर ब्लॉक प्रिंटिंगची चादर डोळ्यासमोर येते आणि ‘छापवाद’ तर निवडणुकीत शोभेल. ‘प्रभाववाद’ सुटसुटीत आहे, मान्य, पण मराठी कानाला प्रभाव म्हणजे वजन, वट. अमक्याचा गावात प्रभाव आहे, तमक्या लेखकावर तमक्याचा प्रभाव आहे. मोनेच्या चित्रात कुणी कुणावर वजन टाकत नाहीये.

आता ‘दृक्प्रत्यय’. दृक् म्हणजे पाहणं, डोळा, दृक्श्राव्य माध्यम म्हणतो त्यातला. प्रत्यय म्हणजे इथे व्याकरणातला शेपटाला लागणारा नव्हे, ‘त्याच्या चांगुलपणाचा प्रत्यय आला’ म्हणतो तो, स्वतःला आलेला अनुभव. डोळ्यांना आलेला प्रत्यय. मराठी विश्वकोशात हाच शब्द आहे आणि कलेवर मराठीत लिहिणारेही बहुतेक हाच वापरतात.

आणि हा शब्द आपल्याकडे आधीपासून होता, फक्त चित्रकलेत नव्हता, पंचांगात होता! जुनी पंचांगं गणेश दैवज्ञांच्या १५२० च्या ‘ग्रहलाघव’ ह्या ग्रहगणिताच्या ग्रंथावरून चालायची, तीनेकशे वर्षांत गणित आणि आकाश ह्यांची फारकत झाली, मग गणितज्ञ केरोपंत छत्रे वगैरे मंडळींनी असा आग्रह धरला की गणितानं आलेला ग्रह आकाशात त्या जागी दिसला पाहिजे, म्हणजे दृक्प्रत्यय आला पाहिजे. त्यावरून दृक्प्रत्ययी पंचांग. पुस्तकात काय लिहिलंय ते राहू द्या, डोळ्यांना काय दिसतं ते बोला. चित्रकलेतला शब्द तिथूनच उचलला असं माझं म्हणणं नाही, पण भांडण त्याच जातीचं आहे आणि गंमत म्हणजे केरोपंत आणि मोने जवळपास एकाच काळात भांडत होते.

कारण मोने वगैरेंचं म्हणणं तरी काय होतं? बर्फ पांढरा असतो आणि सावली काळी-करडी असते हे आपल्याला ‘माहीत’ असतं. मोनेचं १८६८-६९ च्या हिवाळ्यातलं ‘मॅगपाय’ बघा, फाटकावर बसलेला पक्षी आणि पुढे बर्फावर पडलेली कुंपणाची सावली. ती सावली चक्क निळी आहे. सलोननं ते चित्र नाकारलं होतं. पण स्वच्छ उन्हाच्या दिवशी बर्फावरच्या सावलीत आकाशाचाच उजेड पडतो, त्यामुळे ती खरंच निळसर असते.

अजून एक प्रयोग घरबसल्या करण्यासारखा. ल हाव्रच्या त्या चित्राचा फोटो मोबाईलवर उघडा आणि ब्लॅक अँड व्हाइट करा. सूर्य जवळजवळ गायब होतो! हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टोन ह्या मेंदूविज्ञान संशोधिकेनं हे दाखवून दिलंय: नारिंगी रंगाची उजळता मोनेनं मागच्या करड्या ढगांइतकीच ठेवलीय. रंग ओळखणारी यंत्रणा म्हणते सूर्य आहे, उजेड मोजणारी म्हणते इथे काहीच नाही, आणि ह्या दोघींच्या भांडणात तो सूर्य थरथरल्यासारखा वाटतो. ह्याला ‘प्रभाव’ म्हणून कसं भागेल, हा शंभर टक्के दृक्प्रत्यय आहे.

त्याच १८७४ मध्ये कास्तान्यारी ह्या समीक्षकानं लरुआनंतर चारच दिवसांनी लिहिलं होतं की हे लोक निसर्गदृश्य रंगवत नाहीत, दृश्यानं जी संवेदना होते ती रंगवतात, ह्या अर्थानं ते इम्प्रेशनिस्ट. म्हणजे आपल्या शब्दकर्त्यांनी लरुआची थट्टा सोडून कास्तान्यारीची व्याख्या उचलली असं म्हणता येईल. माझ्या मते योग्यच केलं, फक्त त्यात शब्दातला खट्याळपणा गेला. ‘दृक्प्रत्ययवाद’ ऐकून कुणाला वाटेल का की ही मुळात शिवी होती?

पण शब्द अडतो कुठे तेही सांगतो. पुढे इम्प्रेशनिझम चित्रांच्या बाहेर पडला. द्यब्युसी ह्या फ्रेंच संगीतकाराच्या संगीताला लोक इम्प्रेशनिस्ट म्हणायला लागले (तो ह्यावर भयंकर वैतागायचा), आता त्याला मराठीत दृक्प्रत्ययवादी संगीत म्हणणार? कानाच्या कामाला डोळा कशाला? साहित्यात तर इम्प्रेशनिस्टिक टीकेला ‘आस्वादक समीक्षा’ म्हणून वेगळाच रस्ता काढलाय. तेव्हा चित्रांपुरता दृक्प्रत्ययवाद, बाकी ठिकाणी सरळ इम्प्रेशनिझम लिहा, काही बिघडत नाही. चित्रांतही देगाला हा शब्द जरा सैलच बसतो, तो बराचसा स्टुडिओत बसून, आठवणीतून, रचून रचून काम करायचा.

राहता राहिला ‘उत्तर-दृक्प्रत्ययवाद’. पोस्ट-इम्प्रेशनिझम हे नाव रॉजर फ्राय ह्या इंग्रज समीक्षकानं १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनासाठी काढलं, तोवर ज्यांना ते लावलं ते चित्रकार सेझान, व्हॅन गॉग, गोगँ तिघंही गेलेले, म्हणजे त्यांना आपण ‘पोस्ट’ आहोत हे कधी कळलंच नाही. ह्यातलं उत्तर म्हणजे नंतरचा, उत्तररात्रीतला. माझ्या एका मित्रानं ते उत्तर फ्रान्समधली चळवळ असं समजून परीक्षेत लिहिलं होतं, आणि मार्क मिळाले!

आणि लिहिताना ‘क्’चा पाय मोडा हो, ‘दृकप्रत्यय’ नाही. मूळ दृश्, पुढे प आला की दृक्, पण ‘गोचर’ आला की दृग्गोचर.